वेस्टर्न बकल हातात आलं की काय बघायचं, कुठल्या क्रमाने बघायचं आणि किती द्यायचे

ह्यूस्टनचा रोडिओ (काउबॉय लोकांच्या घोड्या-बैलांवरच्या स्पर्धा) किंवा डेन्व्हरचा स्टॉक शो (गुराढोरांचं प्रदर्शन) बघून आलेल्या आपल्या मंडळींना त्या तळहाताएवढ्या चकचकीत बेल्टच्या बकलांची भुरळ पडते, मग इस्टेट सेलला (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे) नाहीतर पॉन शॉपच्या, म्हणजे गहाणाच्या दुकानाच्या, काचेखाली तसलं काही दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला, यात चांदी किती आहे? प्रश्न बरोबर आहे पण तो पहिला विचारायचा नाही. चांगल्या हाताने केलेल्या बकलात चांदीचे पैसे बहुतेक वेळा किमतीचा लहान भाग असतात, मोठा भाग असतो तो ज्या माणसाने ते करवतीने कापलं, झाळलं, कोरलं त्याच्या तासांचा, आणि त्यावर कधीकधी आणखी एक रक्कम चढते ती म्हणजे ते बकल कुणाचं होतं आणि कशाबद्दल मिळालं होतं याची. धातूचा हिशोब वेगळा, हातकामाचा वेगळा आणि इतिहासाचा वेगळा मांडायचा, हे जमलं की विकणारा काहीही सांगो, तुम्ही तुमच्या आकड्यावर स्वतः पोचता. मी ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने सगळं लिहितोय.

सामान फार लागत नाही. सोनार डोळ्याला लावतात तसं १० पट भिंग, एक छोटं लोहचुंबक, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, एक मोजपट्टी आणि मोबाईलचा टॉर्च. चांदी तपासायच्या ॲसिडची बाटली घरी ठेवा, दुसऱ्याच्या मालावर थेंब टाकायचा नसतो आणि स्वतःच्या बकलावर टाकायची वेळसुद्धा क्वचितच येते. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कितीही काळं पडलेलं असलं तरी बघायच्या आधी पॉलिश करू नका, का ते पुढे येईल.

आधी ठरवा की हे कुठल्या जातीचं बकल आहे

सगळ्या बकलांना एकच फूटपट्टी लावली तर निर्णय चुकणारच. ढोबळ मानाने चार-पाच जाती आहेत.

सगळ्यात जास्त दिसतं ते प्लेट बकल, म्हणजे सलग पत्रा, मागे एका बाजूला बेल्ट अडकवायची कडी आणि दुसऱ्या बाजूला हूक. रोडिओत बक्षीस म्हणून मिळतं ते हेच, ट्रॉफी बकल. साधारण ४ इंच बाय ३ इंच, वर घोड्यावरचा स्वार, कडेला दोरीसारखी किनार, वरखाली फितीवर स्पर्धेचं नाव आणि वर्ष.

दुसरं रेंजर सेट. यात बकल छोटं असतं, पाऊण इंच किंवा १ इंचाच्या पट्टीचं, आणि त्याच्याबरोबर एक किंवा दोन लूप आणि पट्ट्याच्या टोकाला बसणारी टोपी, असे तीन किंवा चार नग. मुख्य बेल्ट दीड इंची असतो आणि पुढे तो निमुळता होत जातो. माझं प्रामाणिक मत असं की कारागिराची खरी परीक्षा इथे होते, कारण मोठ्या प्लेटवर चुका लपतात पण पाऊण इंचात लपायला जागाच नसते.

तिसरी जात नवाहो, होपी, झुनी या अमेरिकेतल्या मूळ जमातींच्या कारागिरांची चांदीची बकलं, त्यांचं तंत्र आणि बाजार दोन्ही वेगळे आहेत म्हणून त्यांच्याबद्दल खाली स्वतंत्र लिहिलंय. चौथी ओतीव पितळेची स्मरणिका बकलं, ट्रक कंपनी, बिअर, ट्रॅक्टर, गरुड वगैरे, १९७० च्या दशकात अमेरिकेत याची मोठी लाट होती आणि विस्कॉन्सिनच्या बर्गामॉट ब्रास वर्क्ससारख्या कंपन्यांनी ढिगाने काढली. आणि पाचवी आजची फॅशन बकलं, जस्ताच्या मिश्रधातूची, वर चकचकीत मुलामा, यात बघण्यासारखं काही नाही, आवडलं तर घाला.

मग लगेच उलटं करा

पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी असते, मागची बाजू कारागिराने कुणी बघत नसताना केलेली असते. म्हणून मी भिंग आधी मागे लावतो.

शिक्के वाचा. स्टर्लिंग किंवा ९२५ म्हणजे ९२.५ टक्के चांदी. कॉइन सिल्व्हर म्हणजे साधारण ९०० ची. जर्मन सिल्व्हर किंवा निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, चांदी शून्य, हे आपल्याकडे पूजेच्या ताटांमुळे बहुतेकांना माहीत असतं पण अमेरिकेत विकणारा सिल्व्हर एवढाच शब्द मोठ्याने म्हणतो. मेक्सिकन बकलावर अल्पाका लिहिलेलं असेल तर तेही हेच. ज्वेलर्स ब्रॉन्झ म्हणजे साधारण ८७.५ टक्के तांबं आणि बाकी जस्त, ट्रॉफी बकलांमध्ये खालचा पत्रा पुष्कळदा याचा असतो. सिल्व्हर प्लेट म्हणजे वरून चांदीचा मुलामा. स्टर्लिंग ओव्हरले म्हणजे खाली दुसरा धातू आणि वर चांदीचा खरा पत्रा झाळलेला, हे मुलाम्यापेक्षा खूप वरचं काम.

सोन्याचंही तसंच. १/२० १२ के जीएफ असा शिक्का असेल तर ते गोल्ड फिल्ड, म्हणजे १२ कॅरेट सोन्याचा थर दाबून बसवलेला आणि तो थर त्या तुकड्याच्या वजनाचा विसावा भाग. नुसतं १० के किंवा १४ के असेल तर ती अक्षरं किंवा आकृती भरीव सोन्याची. इलेक्ट्रोप्लेट लिहिलं असेल तर सोन्याचं पाणी दिलेलं, त्याची धातू म्हणून किंमत धरू नका.

इथे अमेरिकेचा कायदा माहीत असलेला बरा. तिथे शिक्का मारणं सक्तीचं नाही. पण १९०६ च्या नॅशनल स्टॅम्पिंग ॲक्टमध्ये १९६१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर असं आहे की शुद्धतेचा शिक्का मारलाच तर शेजारी बनवणाऱ्याची नोंदणीकृत खूण हवी. म्हणजे अलीकडच्या बकलावर एकटंच स्टर्लिंग लिहिलेलं आणि नावगाव काही नाही असं असेल तर चौकशी वाढवा. उलट शिक्का अजिबात नाही म्हणून फेकूनही देऊ नका, जुन्या नवाहो कामावर बऱ्याचदा काहीच नसतं. मेक्सिकोत १९४८ पासून गरुडाचा छोटा सरकारी शिक्का होता आणि १९८० च्या आसपास तो जाऊन अक्षर आणि आकड्यांची पद्धत आली, त्यावरून मेक्सिकन बकलाचा काळ बऱ्यापैकी लागतो.

आता जोड बघा. कडी आणि हूक कशी बसवलीत? चांगल्या कामात चांदीची झाळ पूर्ण सांध्यात भिनलेली असते, कडेला बारीक स्वच्छ रेघ दिसते, ढेकूळ नाही, पोकळी नाही. राखाडी मऊ ढेकूळ दिसलं तर ते शिसं-कथलाचं सोल्डर, म्हणजे नंतर कुणीतरी घाईत केलेली दुरुस्ती, आणि ती नीट काढून परत चांदीने झाळणं त्रासाचं असतं कारण शिल्लक राहिलेलं शिसं तापवल्यावर चांदी खाऊन टाकतं. हूक बोटाने हलवा, डुगडुगलं नाही पाहिजे. कडीतून दीड इंची बेल्ट सरळ जातो का ते मोजा. आणि पूर्ण बकल आडवं धरून बघा, पोटाला बसेल असं हलकं बाकदार वळण आहे का, का नुसता सपाट पत्रा आहे. सपाट मोठं बकल घालून गाडीत बसलात की कडा पोटात रुततात, म्हणून चांगला कारागीर बाक देतो, कोपरे गोल करतो आणि मागच्या कडाही घासून मऊ करतो.

धातूची खात्री

चुंबक लावा. चिकटलं तर लोखंड आहे, विषय संपला. (हूकचा काटा कधीकधी पोलादी असतो, तेवढाच चिकटला तर हरकत नाही.) नाही चिकटलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, पितळ, तांबं, जर्मन सिल्व्हर कुणीच चिकटत नाही, तरी बाजारात लोक चुंबक लावून चांदी असल्याचं पटवतात.

त्यापेक्षा घनता काढा, घरी होतं. बकलाचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा वाडगा ठेवून काटा शून्य करा, बकल बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला आणि कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका, आणि काट्यावर येणारा आकडा लिहून घ्या. वजनाला त्या आकड्याने भागा. समजा बकल १२० ग्रॅमचं आहे आणि पाण्यातला आकडा ११.६ आला तर उत्तर साधारण १०.३, स्टर्लिंग १०.३ ते १०.४ च्या आसपास असतं म्हणजे जुळलं. आकडा १३.८ आला तर उत्तर ८.७, म्हणजे पितळ किंवा जर्मन सिल्व्हरच्या घरातलं. मधलं काही आलं तर ओव्हरले, किंवा कडी-हूक वेगळ्या धातूचे. फिरोजा किंवा चिकटवलेले खडे असलेलं बकल मात्र पाण्यात बुडवू नका, नैसर्गिक फिरोजा सच्छिद्र असतो आणि पाणी-तेल शोषून रंग बदलतो.

मुलामा ओळखायला पाणीसुद्धा लागत नाही, झिजणाऱ्या जागा बघा. किनारीचा वरचा कंगोरा, कोपरे, आकृतीचं नाक, मागची कडी. तिथे पिवळट किंवा तांबूस झाक दिसली तर खाली काय आहे ते कळलं.

भरीव स्टर्लिंग असेल तर धातूचा हिशोब सोपा. १०० ग्रॅम स्टर्लिंगमध्ये ९२.५ ग्रॅम चांदी, म्हणजे जवळपास २.९७ ट्रॉय औंस, एक ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा. त्या दिवसाच्या भावाने गुणा, कडी-हूक जर्मन सिल्व्हरचे असतील तर तेवढं वजन आधी वजा करा. हा तुमचा तळ. भरीव स्टर्लिंगचं बकल याच्या खाली मिळत असेल तर आधी शंका घ्या आणि शंका फिटली तर लगेच घ्या. ओव्हरलेत मात्र चांदी किती ते वजनावरून कळत नाही, कडेला पत्र्याची जाडी दिसली तर अंदाज येतो, १८ गेज म्हणजे साधारण १ मिलिमीटर आणि १६ गेज म्हणजे १.३.

कोरीवकाम, इथे घाई करू नका

माझ्या मते सगळा खेळ इथे आहे आणि लोक इथेच सगळ्यात कमी वेळ देतात.

वेस्टर्न कोरीवकामाची ओळख म्हणजे ब्राइट कट. ग्रेव्हर म्हणजे घासून आरशासारखी केलेली पोलादी छिन्नी, ती चांदीत तिरकी घुसवून फिरवतात तेव्हा कापाची एक भिंतच पॉलिश होऊन निघते, म्हणून बकल टॉर्चखाली हळूहळू तिरपं केलं की पानं एकामागून एक पेटल्यासारखी चमकतात. हे बघा आधी. ओतीव कामात अशी चमक उठत नाही, सगळं एकदम उजळतं आणि एकदम मंद होतं.

मग भिंग. हाताचा काप टोकाला अगदी बारीक सुरू होतो, मध्ये रुंद होतो आणि परत निमुळता होऊन संपतो, तळ धारदार, भिंती स्वच्छ. ओतीव नक्षीत खळगे गोलसर, कडा साबणासारख्या झिजलेल्या आणि जमिनीवर, म्हणजे नक्षीमागच्या मोकळ्या जागेवर, बारीक भोकं किंवा संत्र्याच्या सालीसारखी खरबर. ठशाने दाबलेल्या कामात रेघा एकसारख्या मऊ, आणि पत्रा पातळ असेल तर मागे त्याच नक्षीची उलटी सावली. फिरत्या पात्याच्या यंत्राने कोरलं असेल तर रेघेची रुंदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी, आणि शेवट गोल टिंबासारखा, कारण गोल फिरणारं पातं टोकदार कोपरा करूच शकत नाही. लेझरचा तळ धुरकट आणि दाणेदार.

एक साधी युक्ती, डाव्या आणि उजव्या बाजूची वेलबुट्टी एकमेकांशी ताडून बघा. हाताने कोरलेली असेल तर दोन्हीकडचा तोल सारखा असतो पण पानं मोजली, वळणं बघितली तर कुठेतरी फरक सापडतोच. तंतोतंत आरशासारखं असेल तर ते यंत्र. आणि ऑनलाइन बघत असाल तर त्याच कंपनीची दुसरी दोन बकलं शोधून फोटो शेजारी ठेवा, नक्षी तंतोतंत जुळली तर तेही हातकाम नव्हे.

आता हाताचं आहे हे ठरलं, पण हाताचं म्हणजे चांगलंच असं नाही, खराब हातकामही पुष्कळ असतं. वेलीचा मुख्य कणा बघा, तो गोगलगाईच्या शंखासारखा सलग आवळत गेला पाहिजे, मध्येच सपाट झाला किंवा कोपरा आला तर हात अडखळला. पानं कण्यातून फुटल्यासारखी वाटली पाहिजेत, चिकटवल्यासारखी नाही. पानावरच्या सावलीच्या बारीक रेघा एकाच बिंदूकडे जातायत का, अंतर समान आहे का? रिकामी जागा मुद्दाम सोडलेली दिसते का वेल संपली म्हणून राहिलेली? छिन्नी निसटून पडलेला ओरखडा एखादा असेल तर मी माफ करतो, पाच-सहा असतील तर शिकाऊ काम. जमीन, म्हणजे वेलींमागची जागा, बारीक ठिपके देऊन काळी केलेली असेल तर ठिपके अगदी कोपऱ्यापर्यंत पोचलेत का ते बघा, आळशी हात कोपरे सोडतो. नागमोडी टकटक रेघांची भरणी दिसली तर ती विगल कट, चटकन होते, त्याने जागा भरून निघते पण तिला ब्राइट कटचा भाव देऊ नका.

मोठ्या कारखान्यांच्या ट्रॉफी बकलांत मिश्र प्रकार खूप, म्हणजे नक्षी ठशाने उठवलेली आणि वरून थोडे काप हाताने दिलेले आणि मग मुलामा. लेबलवर हॅन्ड एनग्रेव्ह्ड असतं, ते खोटंही नसतं, पण मुलाम्याचा थर कापांवर बसल्यामुळे धार बुजलेली दिसते. याला कारखान्याचाच भाव.

अक्षरं, आकृत्या, किनार

वर झाळलेली अक्षरं कारागीर केसाएवढ्या पात्याच्या करवतीने पत्र्यातून कापतो. ए आणि आर सारख्या अक्षरांच्या आतल्या भोकात भिंग लावा, तिथे कानस पोचवणं अवघड असतं म्हणून आळस तिथे दिसतो. कडा घासून किंचित उतरत्या केल्यात का, अक्षरांखाली झाळ सगळीकडे पोचलीय का, का कोपऱ्यात फट दिसतेय ज्यात पुढे पॉलिशचा पांढरा मळ साठतो. अक्षरांमधलं अंतर डोळ्याला सारखं वाटतंय का, ८ हा आकडा वर लहान खाली मोठा आहे का.

घोडा आणि बैल बघताना पाय बघा. उसळलेल्या घोड्याचे मागचे पाय, गुडघ्याचं वळण, स्वाराचा मोकळा हात, हे ज्याला जनावर माहीत आहे त्यालाच जमतं. तयार आकृती आणून चिकटवली असेल तर तीच आकृती तुम्हाला दहा बकलांवर सापडेल.

किनार दोरीची असेल तर दोन तारा पिळून ती बनते, तर तिचा सांधा शोधा, कुठेतरी असतोच. चांगल्या कामात पीळ सांध्यावरही तुटत नाही आणि तो बहुतेक खालच्या मध्यावर किंवा एखाद्या अलंकाराखाली ठेवलेला असतो. पीळ ओतीव असेल तर वळांच्या मधल्या खाचा उथळ आणि बुजलेल्या.

रेंजर सेटमध्ये आणखी एक काम, सगळे नग एकाच हाताचे आहेत का ते ताडा. वेलीची लय, कापाची खोली, काळेपणाची छटा. लूप नंतर दुसऱ्या सेटमधून आणून जोडलेला असेल तर किंमत बरीच उतरते. आणि टोपी, लूप, बकल या क्रमाने पट्टी खरोखर ओवून बघा, लूप घट्ट आणि टोपी त्यातून जातच नाही असे सेट मी पाहिलेत.

नवाहो, होपी आणि फिरोजा

नवाहो लोकांत चांदीकाम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आलं, पहिला सोनार म्हणून अत्सिदी सानी याचं नाव घेतलं जातं. इथे छिन्नीपेक्षा ठसे महत्त्वाचे, पोलादाचे छोटे ठसे कारागीर स्वतः बनवतो आणि एकेक हातोडीने मारत नक्षी रचतो, त्यामुळे दोन ठशांमधलं अंतर आणि खोली किंचित बदलते आणि तीच खरेपणाची खूण. वाळूच्या किंवा टफा नावाच्या मऊ दगडाच्या साच्यात ओतलेली बकलंही असतात, इथे ओतीव म्हणजे हलकं असं मुळीच नाही, साचा हाताने कोरलेला असतो आणि नंतरचं घासकाम बघायचं असतं.

होपी ओव्हरले म्हणजे दोन पत्रे, वरच्यात करवतीने आकृती कापून तो खालच्यावर झाळायचा आणि खालची जमीन खरवडून काळी करायची. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ पासून परत आलेल्या होपी सैनिकांना फ्रेड कबोती आणि पॉल सॉफ्की यांनी हे शिकवलं आणि ती शैली घट्ट झाली. यात कापलेल्या कडांवर करवतीच्या पायऱ्या दिसल्या नाही पाहिजेत, आणि खालच्या खरवडलेल्या रेघा एका दिशेने, समान.

खड्यांचं म्हणाल तर फिरोजा नैसर्गिक आहे, राळ भरून टिकाऊ केलेला आहे का रंगवलेला हाऊलाइट (एक पांढरा स्वस्त दगड) आहे हे स्पष्ट विचारा आणि बिलावर लिहून घ्या. भिंगाखाली रंग भेगांमध्ये साठलेला दिसला तर रंगवलेला. स्लीपिंग ब्यूटी या ॲरिझोनातल्या खाणीतून फिरोजा काढणं २०१२ मध्ये थांबलं, म्हणून ते नाव ऐकलं की भाव चढतो, आणि नावच खोटं लावण्याचा मोहही. कोंदणाची पट्टी खड्याला सगळीकडून सारखी बिलगलेली हवी, फट असेल तर गोंदावर काम चाललंय.

नेटिव्ह अमेरिकन नसलेल्या माणसाचं काम त्यांचं म्हणून विकणं हा १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्टनुसार गुन्हा आहे, पहिल्याच वेळी अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१८ मध्ये अल्बुकर्कीतल्या एका दुकानदाराला फिलिपिन्समध्ये बनलेले दागिने नेटिव्ह म्हणून विकल्याबद्दल तुरुंगवास झाला. म्हणून कारागिराचं नाव आणि जमात लेखी मागायला संकोच करू नका, खरा विकणारा आनंदाने देतो.

जुनं म्हणजे किती जुनं

१८८० च्या काउबॉयचं बकल म्हणून कुणी मोठं नक्षीदार प्लेट बकल दाखवलं तर थांबा. त्या काळात पँटला बहुतेक सस्पेंडर, म्हणजे खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्या, लावत. लीवाइसच्या ५०१ ला बेल्टचे लूप १९२२ मध्ये आले. मोठ्या बकलांची आवड वाढवली ती हॉलिवूडच्या वेस्टर्न सिनेमांनी आणि रोडिओंनी, आणि लॉस एंजेलिसमध्ये एडवर्ड बोलीन या मूळच्या स्वीडिश कारागिराने नटांसाठी जी खोगिरं आणि चांदीची बकलं केली त्यांना आजही लिलावात मोठा भाव मिळतो. बोलीनचा शिक्का दिसला तर तो कुठल्या काळातला आहे ते जाणकाराकडून पडताळल्याशिवाय पैसे काढू नका, नाव मोठं तशी नक्कलही.

सगळ्यात पसरलेली फसवणूक म्हणजे टिफनी न्यूयॉर्क (दागिन्यांची जुनी पेढी) किंवा वेल्स फार्गो (घोडागाड्यांनी पैसे-टपाल नेणारी जुनी कंपनी) असं लिहिलेली जाड पितळी बकलं. ही १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि ७० च्या दशकात बनली, आणि त्यांना इतिहास मिळावा म्हणून १९५० साल छापलेलं एक बनावट संदर्भपुस्तकसुद्धा काढलं गेलं! आजही वारसांना ती आजोबांच्या पेटीत सापडतात आणि ते मनापासून खरी मानून विकायला आणतात. शोभेचं पितळ म्हणून जे द्यावंसं वाटेल ते द्या.

हेस्टन या कॅन्ससच्या शेतीयंत्र कंपनीने १९७४ पासून नॅशनल फायनल्स रोडिओची (दरवर्षीची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा) वर्षावार बकलं काढली. सुरुवातीच्या वर्षांची जरा शोधली जातात, बाकीची इतकी निघालीत की डबीसकट मिळाली तरी किंमत किरकोळच. जपून ठेवलं म्हणजे दुर्मीळ झालं असं होत नाही.

रोडिओचं नाव किती वजनाचं

बकलावर नाव कोरलेलं असेल तर दोन टोकं. अनोळखी मुलाने तालुका पातळीवरच्या स्पर्धेत जिंकलेलं असेल तर नावामुळे गिऱ्हाईक कमी होतं. तेच नॅशनल फायनल्सच्या एखाद्या फेरीचं गो-राउंड बकल असेल किंवा जगज्जेत्याचं सोनेरी बकल असेल तर धातू आणि कोरीवकाम बाजूला राहतं आणि इतिहासाचा हिशोब सुरू होतो. मग तिथे पुरावा हवा, निकालाच्या यादीत ते नाव, ते वर्ष, ती स्पर्धा आहे का, जिंकलेल्या माणसाचा बकल घातलेला फोटो, घरच्यांचं पत्र. मोंटानातल्या कोलंबस गावची मोंटाना सिल्व्हरस्मिथ्स १९७३ पासून या धंद्यात आहे आणि तिची दुकानात मिळणारी मुलाम्याची बकलंही त्याच शिक्क्याची असतात, त्यामुळे नुसता कंपनीचा शिक्का म्हणजे बक्षिसाचं बकल नव्हे.

जुनं नाव घासून काढून नवीन कोरलेलं असेल तर फितीवर टॉर्च आडवा मारा, त्या जागी पत्रा किंचित खोलगट दिसतो आणि कधी जुन्या अक्षरांची पुसट छायाही.

अवस्था, आणि पॉलिश का नको ते

ब्राइट कटची धार ही कमालीची नाजूक असते. बफिंगच्या चाकावर एकदा जोरात धरलं की कापांच्या कडा गोल होतात, जमिनीचा काळेपणा उडतो आणि कारागिराचे तास तिथेच पुसले जातात, परत कोरण्याशिवाय इलाज नाही. बाजारात चमचमणारं जुनं बकल आणि त्याच्या शेजारी काळवंडलेलं पण धारदार बकल असेल तर मी काळवंडलेलंच उचलतो. घातल्याने उंच भागांवर आलेली समान झीज चालते. ठेवताना मऊ फडक्यात, रबर बँड लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदीवर काळे पट्टे पडतात.

आता आकडा

धातूचा तळ काढलात. हातकामासाठी आजच्या कामाशी तुलना करा, हाताने केलेलं स्टर्लिंग बकल आज कारागिराकडे करायला टाकलं तर कित्येक शे डॉलरपासून सुरू होऊन हजारांत जातं, नामवंताचं असेल तर आणखी वर. डोळा तयार करायचा असेल तर ट्रॅडिशनल काउबॉय आर्ट्स असोसिएशन ही १९९८ मध्ये सुरू झालेली संस्था आहे, तिचं प्रदर्शन ओक्लाहोमा सिटीच्या नॅशनल काउबॉय अँड वेस्टर्न हेरिटेज म्युझियममध्ये भरतं, तिथलं अल्बर्टाच्या स्कॉट हार्डीसारख्यांचं काम बघा, फोटोत बघितलं तरी वेल कशी वळली पाहिजे ते डोक्यात बसतं.

जुन्या बकलासाठी ईबेवर मागितलेली किंमत बघू नका, विकल्या गेलेल्या मालाचा फिल्टर लावा, तीच जात, तोच शिक्का, तीच अवस्था असलेली चार-पाच उदाहरणं काढा आणि सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडून द्या. लिलावाचा आकडा असेल तर त्यात खरेदीदाराचं कमिशन धरलंय का ते बघा. मग दुरुस्ती, हरवलेला नग, पॉलिशने गेलेली धार, नको असलेलं नाव यांची वजावट करा. विकायचं असेल तर दुकानदार तुम्हाला यातला काही भागच देणार, त्याचं भाडं आणि महिनोन्‌महिने अडकणारा पैसा त्यातूनच निघतो, यात लबाडी नाही.

भाव ठरला की बिलावर धातू, वजन, कारागीर किंवा कंपनी, खड्याचा प्रकार आणि दुरुस्ती असल्यास तीही लिहून घ्या. बकल भारतात पाठवायचं किंवा आणायचं असेल तर हे बिल कस्टमला लागतंच, आणि पुढून, मागून, शिक्क्याचा आणि सांध्याचा जवळून असे फोटो त्याच दिवशी काढून बिलाबरोबर ठेवा.